अतिमासेमारी (महाराष्ट्रातील)

नैसर्गिक पुनरुत्पादनाने भरून निघेल त्याहून अधिक मासे सातत्याने पकडणे म्हणजे अतिमासेमारी. शिडाच्या होड्यांच्या काळात वारा व मनुष्यबळ यांमुळे मासेमारीस आपोआप मर्यादा पडे. स्वातंत्र्योत्तर काळात यांत्रिक नौका, नायलॉनची जाळी, बर्फ व निर्यात यांमुळे ती सैल झाली. ट्रॉल जाळे समुद्रतळ खरवडते, तर पर्ससीन जाळे संपूर्ण थवाच वेढते. लहान आसाच्या जाळ्यांत पिलेही सापडतात. त्यामुळे आरंभी वाढलेले उत्पादन समृद्धीचे वाटले, तरी ती पुढील हंगामांतून केलेली उचल असते. सातपाटी (जि. पालघर) येथील प्रसिद्ध पापलेटच्या घटीमागे पिलांची पकड हे एक प्रमुख कारण होय. मासे घटले की नौका दूर जातात, इंधनखर्च वाढतो आणि त्याचा भार लहान मच्छीमारांवर अधिक पडतो.

राज्याने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा ठरला व ५४ जातींसाठी किमान आकार निश्चित झाले. पापलेटसाठी तो १३५ मिमी. आहे. कॅनडाने १९९२ मध्ये न्यू फाउंडलंडची कॉड मासेमारी थांबविली, तरी तीन दशकांनंतरही पूर्वीचा साठा परतला नाही. यावरून विलंबाचे मूल्य कळते.