दुसरी गाडी की तीच गाडी?

घरात एक मोटारसायकल असताना हाती थोडा पैसा आला, तर दुसरी घ्यावी की आहे तिलाच नवे रूप द्यावे, हा प्रश्न आज जळगाव-धुळ्याकडील घरांतून सहज ऐकू येतो. वरवर तो हौसेचा वाटतो. पण त्यामागचा इतिहास पाहिला की त्याचे स्वरूप पालटते, असे आम्हांस वाटते.

मोटारीच्या आधीही खान्देशात हा पेच होताच. सधन शेतकऱ्याकडे ओझ्यासाठी गाडी आणि माणसांसाठी दमणी, अशी दोन वाहने असत. ज्याला दमणी परवडत नसे, तो त्याच गाडीत कडबा अंथरून लेकीबाळींना माहेरी आणी. बदल करणे ही तेव्हा हौस नव्हती, निकड होती.

फटफटी आली तरी ही रीत टिकली. १९५१च्या उद्योगविषयक कायद्याने आलेल्या परवानापद्धतीत कोणत्या कारखान्याने किती उत्पादन करावे, यावर सरकारचे नियंत्रण होते. मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा आणि पोलंडच्या तंत्रज्ञानावर आधारलेली एस्कॉर्ट्सची राजदूत, एवढ्यांतच बहुतेकांची निवड आटोपे. पहिली गाडी घेणेच दुरापास्त, तिथे दुसरीचे नाव कोण काढणार? मग त्याच राजदूतला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकत, मागे चाऱ्याची पेंढी बांधली जाई आणि संध्याकाळी तीच गाडी कुटुंबाला घेऊन लग्नाला निघे.

१९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० बाजारात आल्या. पुढे १९९१च्या धोरणाने परवानापद्धतीचा पाश बव्हंशी सुटला. कर्जेही सुलभ झाली. ‘दुसरी की तीच’ हा खऱ्या अर्थाने निवडीचा प्रश्न झाला तो इथून पुढे.

येथे एका लहानशा वस्तूकडे लक्ष वेधावेसे वाटते. ती म्हणजे साडी गार्ड. मागे बसणाराचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून अशी जाळी वा आवरण असावे, असे १९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. म्हणजे बाईची जागा मागची, हे गाडीच्या रचनेतच गृहीत धरलेले. १९८४ची कायनेटिक होंडा आणि २००१ची ॲक्टिव्हा या गिअर बदलण्याची खटपट नसलेल्या स्कूटरींनी ते गृहीतक हलवले. अनेक घरांत दुसरे वाहन म्हणून आली ती स्कूटर, आणि तिच्यावर मागे बसणारी पुढे आली. आमच्यासारख्या अध्यापकांना हा बदल महाविद्यालयाच्या वाहनतळावर डोळ्यांनी पाहता आला.

उलट, बदलाची वाट आता अरुंद झाली आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. गाडी एमएच-१८ची असो वा एमएच-१९ची, नियम एकच. मात्र अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून केलेल्या फेरफाराला हाच कायदा रीतसर वाट ठेवतो. जोडचाके लावलेली गाडी त्यामुळेच सन्मानाने रस्त्यावर येते, आणि कर्णकर्कश सायलेन्सर लावलेली गाडी पोलीस चौकीत जाते.

तेव्हा प्रश्न दोन गाड्यांचा नसून माणसांचा आहे. चाराआठ हजारांची नवी आसने, रंग, दिवे यांनी पूर्वीच हिंडणाऱ्याचे हिंडणे अधिक देखणे होते, एवढेच. ज्याला किंवा जिला आजवर कुणीतरी नेण्याची वाट पाहावी लागली, तिची वाट कशाने मोकळी होते, हे आधी पाहावे. ते उत्तर कधी दुसऱ्या गाडीत सापडेल, कधी आहे त्याच गाडीच्या जोडचाकांत. कडबा अंथरणाऱ्या त्या शेतकऱ्याला हे कळत होते. त्याने गाडी सजवली नव्हती, माणसांसाठी जागा केली होती.