हरवलेली तुकडी, हरवलेली कथा

जॉन फोर्ड यांच्या ‘द लॉस्ट पॅट्रोल’ (१९३४) या चित्रपटात मेसोपोटेमियाच्या वाळवंटात अडकलेली तुकडी ब्रिटिश आहे. इतिहासाची संहिता मात्र अधिक व्यामिश्र आहे. त्याच आघाडीवर ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या सैन्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणीही होत्या. उपासमार, शरणागती आणि कैद्यांची वाळवंटातील जीवघेणी पायपीट हे त्यांचे वास्तव. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे लान्सर्सही इजिप्त-पॅलेस्टाइनमध्ये लढले. म्हणूनच येथील अभ्यासकाला प्रश्न पडतो : नायकत्व सोसण्यातून सिद्ध होते, की कथनाच्या अधिकारातून? चित्रपटातली तुकडी वाट चुकते. आपली माणसे कथनाच्या चौकटीतच आली नाहीत.