अनेकांनी मिळून हस्तलिखितं वाचायचं वेब ॲप कसं चालतं?

जुना कागद स्कॅन केला की तो जपला जातो, पण त्यातला एखादा शब्द शोधता येत नाही. संगणकासाठी ते फक्त चित्र असतं. मजकूर कुणीतरी वाचून टाइप करावा लागतो.

इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम (१७४८-१८३२) यांचे सुमारे ६०,००० कागद युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनकडे आहेत. अक्षर किचकट, खाडाखोड भरपूर. २०१० मध्ये 'ट्रान्स्क्राइब बेंथम' या प्रकल्पाने हे काम सर्वांसाठी खुलं केलं.

विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, त्यावरच हे ॲप उभारलं. पानाच्या चित्राशेजारी टाइप करायची चौकट. खोडलेला, मागाहून घातलेला किंवा न लागलेला शब्द दाखवायला वेगवेगळी बटणं. बटण दाबलं की 'टीईआय' या प्रमाण पद्धतीची खूण आपोआप लागते. खोडलेला शब्दही टिपायचा, कारण लेखकाचा विचार कुठे बदलला हे त्यातूनच कळतं.

खरा प्रश्न विश्वासाचा. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद राहते, संपादक पान तपासतात आणि समाधान झालं की ते कुलूपबंद करतात. असा तपासलेला मजकूर पुढे संगणकाला हस्ताक्षर वाचायला शिकवण्यासाठीही वापरला गेला.

मोडी कागदांसाठी असं ॲप करायचं तर आणखी एक सोय हवी. मोडीत शब्द सलग लिहिले जातात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. त्यामुळे 'कागदावर काय आहे' आणि 'आपण काय वाचलं' हे दोन्ही वेगळं नोंदवावं लागेल. नाहीतर वाचणाऱ्याचा अंदाजच पुरावा ठरेल.