क्षितिजापलीकडचा सूर : १९४० सालची एक आकडेमोड

आपल्यापैकी बरेचजण मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या विमानात कधी ना कधी बसले असतील. विमान पस्तीस हजार फुटांवर असतं आणि मुंबई सोडून साधारण चारशे किलोमीटर झाले, की नेहमीच्या व्हीएचएफ रेडिओवर मुंबईचा आवाज विरायला लागतो. रेडिओ बिघडलेला नसतो. मध्ये पृथ्वी आलेली असते.

हे अंतर काढायला एक सोपं सूत्र आहे. विमानाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. पस्तीस हजार फूट म्हणजे सुमारे १०,६७० मीटर. त्याचं वर्गमूळ १०३, म्हणून पल्ला झाला ४२५ किलोमीटर. डोळ्याने दिसणाऱ्या क्षितिजासाठी हाच गुणक ३.५७ घेतात. कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, आपण उभे राहिलो आणि हवा अगदी स्वच्छ असली (जी सहसा नसतेच), तर क्षितिज १४५ किलोमीटरवर येतं. रेडिओला थोडं जास्त दिसतं, कारण वर जावं तशी हवा विरळ होते आणि लहरी किंचित खाली वाकतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी १९३३मध्ये यावर एक युक्ती सुचवली. पृथ्वीची त्रिज्या आहे त्याच्या चार तृतीयांश धरायची, आणि मग लहरी सरळच जातात असं मानून गणित करायचं. ४.१२ हा आकडा तिथून येतो.

आता वर्गमूळ आहे म्हटल्यावर एक गोष्ट ओघानेच येते. पल्ला दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते. हे ध्यानात ठेवू, पुढे लागणार आहे.

आपण जाऊ जून १९४०मध्ये. फ्रान्स कोसळतो आहे आणि लंडनमध्ये हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागात आर. व्ही. जोन्स नावाचा अठ्ठावीस वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ बसला आहे. १२ जूनला त्याच्या हातात एनिग्मा यंत्राचा उकललेला एक जर्मन संदेश येतो. एकच ओळ. तिचा मतलब असा की क्लेव्ह इथलं ‘क्निकेबाइन’ ५३ अंश २४ मिनिटं उत्तर आणि १ अंश पश्चिम या ठिकाणी रोखलं आहे. ते ठिकाण इंग्लंडच्या मध्यात, रेटफर्डजवळ येतं. क्लेव्ह तर जर्मनीच्या पार पश्चिम कडेला. जोन्सचा तर्क असा, की हा रेडिओचा झोत आहे. जर्मन बाँबफेक्या विमानाने काळोख्या रात्री, ढगांतूनसुद्धा, त्या झोतावरून चालत यायचं. डावीकडे सरकलं तर एक खूण ऐकू येणार, उजवीकडे सरकलं तर दुसरी, आणि बरोबर मधोमध अखंड सूर.

मग विमानात त्यासाठी खास रिसीव्हर हवा. तो सापडेना. पाडलेल्या हाइन्केल विमानात होता तो फक्त लोरेन्झ पद्धतीचा, धुक्यात धावपट्टीवर उतरण्यासाठीचा. जोन्सने तो तपासणाऱ्यांना विचारलं की यात काही वेगळं आहे का. उत्तर आलं, वेगळं काही नाही, फक्त उतरण्यासाठी लागेल त्यापेक्षा तो फारच जास्त संवेदनशील आहे. आमच्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या उत्तरात आहे.

कारण आक्षेप होता तो पल्ल्याचाच. झोत साधारण ३० मेगाहर्ट्झच्या आसपास असणार. एवढ्या आखूड लहरी पृथ्वीच्या गोलाईवरून वळून येणार कशा? चर्चिल यांचे विज्ञान सल्लागार लिंडेमन यांनी सुरुवातीला हेच म्हटलं. जोन्सने त्यांना मार्कोनी कंपनीचे टी. एल. एकर्सली यांची गणितं दाखवली आणि त्यांचं मन वळवलं. एकर्सली म्हणजे रेडिओलहरींच्या प्रसाराबाबत त्या काळी ब्रिटनमधला सर्वांत मोठा अधिकार.

२१ जूनच्या सकाळी चर्चिल यांच्या समोर बैठक झाली. जोन्सला बोलावणं आलं तेव्हा ही कुणाची तरी थट्टा असावी असं त्याला वाटलं. त्याने वीसेक मिनिटं सगळं सांगितलं आणि झोत शोधायला विमान पाठवायचं ठरलं. दुपारी दुसरी बैठक, तिथे खुद्द एकर्सली हजर. आणि ते म्हणाले, इंग्लंडवर वीस हजार फुटांवरसुद्धा हा झोत ऐकू येणार नाही! मग तुमच्या गणितांचं काय? तर त्यांच्यावर त्यांचाच विश्वास नव्हता. लगेच सूर निघाला की मग विमान कशाला फुकट पाठवायचं. जोन्स म्हणाला, हे उड्डाण खुद्द पंतप्रधानांनी मंजूर केलंय. ते कुणी रद्द केलं हे मी त्यांना कळवेन. उड्डाण राहिलं.

आता आपण स्वतःच हिशेब करू. वीस हजार फूट म्हणजे ६,१०० मीटर, वर्गमूळ ७८, पल्ला ३२० किलोमीटर. ट्रान्समीटरही जमिनीपासून वर असतो. तो शंभर मीटर धरला तर आणखी ४१. बेरीज ३६०च्या वर. क्लेव्हपासून पूर्व इंग्लंडमधलं स्पॉल्डिंग सुमारे ४४० किलोमीटर. म्हणजे सूत्राप्रमाणे एकर्सली बरोबर! थेट रेषेत यायला विमान साडेनऊ हजार मीटरवर लागलं असतं.

त्याच रात्री वायटनहून एक अ‍ॅन्सन विमान निघालं. वैमानिक बफ्टन, सोबत रेडिओवर कॉर्पोरल मॅकी, आणि हौशी रेडिओवाल्यांसाठीचा एक अमेरिकन रिसीव्हर. अ‍ॅन्सन वीस हजार फुटांपर्यंतसुद्धा पोचणारं विमान नव्हतं. तरी स्पॉल्डिंगच्या एक मैल दक्षिणेला ३१.५ मेगाहर्ट्झवर झोत सापडला, रुंदी फक्त चारशे-पाचशे यार्ड. दक्षिणेला टिंब, उत्तरेला रेघ. पुढे बीस्टनजवळ दुसरा झोत मिळाला. तो येत होता डेन्मार्कच्या सीमेजवळच्या ब्रेडश्टेटहून, म्हणजे जवळजवळ सातशे किलोमीटरवरून. थेट रेषेसाठी इथे पंचवीस किलोमीटर उंची लागली असती! दोन्ही झोत एकमेकांना छेदत होते डार्बीवर, आणि डार्बीत रोल्स-रॉइसचा मर्लिन इंजिनांचा कारखाना. स्पिटफायर आणि हरिकेन ज्या इंजिनांवर उडत होती, तीच ही.

मग सूत्र खोटं का? नाही. क्षितिज म्हणजे भिंत नव्हे, सावलीची कड आहे. कडेपलीकडे लहरी वळून थोड्या उतरतातच, आणि साडेनऊ मीटर लांबीची लहर सेंटिमीटरच्या लहरीपेक्षा कितीतरी जास्त उतरते. शिवाय अवाढव्य अँटेना सगळी शक्ती एका अरुंद झोतात ओतत होती, आणि ऐकणारा रिसीव्हर गरजेपेक्षा जास्त तिखट कानांचा होता. एकर्सली उंची बघत होते. त्या कानांचा हिशेब जोन्सकडे होता. पुढे झोत बिघडवायला ब्रिटिशांनी सुरुवातीला चक्क इस्पितळांतली डायाथर्मीची यंत्रं वापरली.

जिथे क्षितिज खरोखर आडवं आलं, ते उदाहरण ब्रिटिशांचंच. डिसेंबर १९४२पासून वापरात आलेल्या ‘ओबो’ पद्धतीत इंग्लंडमधली दोन केंद्रं मॉस्किटो विमानाचं अंतर मोजत. लहरी बऱ्याच आखूड. मॉस्किटो २८,००० फुटांवर चढे, म्हणजे पल्ला ३८० किलोमीटर, केंद्राच्या उंचीचे थोडे वर. नॉर्फकच्या किनाऱ्यापासून एसेन सुमारे ४१५ किलोमीटर, जेमतेम टप्प्यात. मार्च १९४३मध्ये एसेनवर ओबोच्या आधाराने हल्ला झाला. बर्लिन मात्र त्याच किनाऱ्यापासून आठशे किलोमीटरवर. पल्ला दुप्पट, म्हणजे उंची चौपट, म्हणजे लाखभर फूट. त्या हिवाळ्यात बर्लिनवर गेलेल्या विमानांना एचटूएस रडार स्वतःच्या पोटाखाली बांधून न्यावं लागलं. त्या रडारबद्दल पुढच्या वेळी बोलू.