सिरपूरचे दगड

रायपूरच्या पुरानी बस्तीला लागून मठपारा आहे. तिथल्या दूधाधारी मठात मी लहानपणी आजीबरोबर जात असे. रघुनाथाचं दर्शन झालं की ती देवळाच्या भिंतीतल्या कोरीव दगडांवरून हात फिरवायची आणि तोच हात कपाळाला लावायची. हे दगड इथले नाहीत, हे मला पुष्कळ पुढे कळलं.

मठ सतराव्या शतकातला. केवळ दुधावर राहणारे महंत बलभद्रदास यांच्यावरून त्याला हे नाव पडलं, असं सांगतात. पण देवळात बसवलेलं पुष्कळसं शिल्प त्याहून हजारेक वर्षांनी जुनं आहे. ते आलं सिरपूरहून, म्हणजे महानदीच्या काठच्या श्रीपूरहून. हे नगर दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांची राजधानी होतं. रायपूरपासून साधारण ऐंशी किलोमीटर.

सिरपूरचं लक्ष्मण मंदिर विटांचं आहे. नाव लक्ष्मणाचं, पण मूळ देऊळ विष्णूचं. पती हर्षगुप्त गेल्यावर राणी वासटेने ते बांधवलं, तेव्हा राज्य तिच्या मुलाचं, महाशिवगुप्त बालार्जुनाचं होतं. तिच्या शिलालेखात देवळाला दिलेल्या गावांची नावं आहेत, आणि त्यांच्या उत्पन्नाची वाटणीही. एक वाटा अन्नछत्राला, एक देवळाच्या सेवकांना, एक ब्राह्मणांना आणि एक पडझडीच्या दुरुस्तीला. देऊळ उभं राहतानाच राणीने त्याची पडझड हिशेबात धरली होती.

पुढे ही व्यवस्था बुडाली, नगर ओस पडलं. विटांचे ढिगारे झाले, त्यांवर रान माजलं. १९५३ ते १९५६ या काळात मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने इथे उत्खनन केलं, तेव्हा भिक्षू आनंदप्रभाचा विहार उजेडात आला. तोवर सिरपूरचे कितीतरी खांब आणि मूर्ती गाड्यांवर चढून दुसऱ्या गावांच्या देवळांत जाऊन बसल्या होत्या.

याला लूट म्हणायचं का? मेक्सिकोतल्या युकातानात स्पॅनिशांनी १५४२ साली मेरिदा वसवलं ते माया लोकांच्या तिहो नगरावर. त्यांच्या देवळांचे दगड काढून चर्च उभं केलं. तिथे दगड राहिले आणि देव गेले. रायपुरात तसं झालं नाही. शिल्प एका देवळातून निघालं आणि दुसऱ्या देवळात बसलं.

तरीही नुकसान झालंच. कोणता दगड कुठल्या देवळाचा, कोणत्या दारावरचा, हे आता कोण सांगणार? संशोधकासाठी ते पान फाटलं ते फाटलंच. सिरपूरला गेलो की मला हे सलतं. रिकामे चौथरे पाहून रागही येतो.

मठात गेलो की मात्र तो राग टिकत नाही. भिंतीतले काही दगड हातांनी गुळगुळीत झालेत. त्यांत माझ्या आजीचाही हात आहे. तिला वासटा ठाऊक नव्हती, श्रीपूरही नाही. राणीने नेमून दिलेली गावं कधीच गेली, दुरुस्तीचा वाटाही गेला. त्या दगडांची विचारपूस तेवढी आजीपर्यंत चालू होती.

मी आता मठात जातो तेव्हा आधी दगड नीट पाहतो, मग हात लावतो.