हॅटी मॅकडॅनियल : भूमिका मोलकरणीची, लढाई माणूसपणाची

कलावंताचा इतिहास लिहिताना एक सोपी वाट असते. त्याला समाजाचे भूषण ठरवायचे, नाहीतर प्रस्थापितांचा हस्तक म्हणून निकालात काढायचे. पण ज्या समाजाला रंगमंचावर पाय ठेवता आला तोच मुळी दुसऱ्याने नेमून दिलेल्या जागेवर, त्या समाजातील कलावंत या दोन्ही खणांत मावत नाहीत. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने अमेरिकेतील ब्लॅक पँथरशी नाते सांगितले. त्या लढाऊ पिढीच्या आधीच्या पिढीने कोणते पेच सोसले, हेही आपण पाहिले पाहिजे. हॅटी मॅकडॅनियल ही त्या आधीच्या पिढीची अभिनेत्री.

हॅटीचा जन्म १८९३ साली कॅन्सस राज्यातील विचिटा येथे झाला. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. वडील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढलेले. तेरा भावंडांत ही धाकटी. पुढे कुटुंब डेन्व्हरला आले आणि तिथेच तिचे नाटकाचे शिक्षण घरच्या मेळ्यात झाले. त्या काळी गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची टवाळी करीत. त्या खेळाला ‘मिन्स्ट्रेल’ म्हणत. काळ्या कलावंताला रंगमंच हवा असेल, तर त्यालाही हाच खेळ करावा लागे. हॅटीने बहिणीबरोबर बायकांचा स्वतंत्र मेळा काढला. पुढे ती वाद्यवृंदाबरोबर गाऊ लागली, रेडिओवर गायली, तिच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. १९२९ ची मंदी आली आणि गाणे थांबले. मिलवॉकीच्या एका हॉटेलात तिला स्त्रियांच्या स्वच्छतागृहात काम धरावे लागले. त्याच हॉटेलात एका रात्री तिला गाण्याची संधी मिळाली आणि ती पुन्हा मंचावर आली.

१९३१ साली ती लॉस एंजेलिसला गेली. रेडिओवरच्या एका कार्यक्रमात ती लोकप्रिय झाली, पण तेवढ्या पैशात पोट भरेना, म्हणून लोकांच्या घरी धुणीभांडी चालूच होती. सिनेमात भूमिका मिळाल्या त्याही मोलकरणीच्याच. म्हणजे दिवसा खऱ्या घरात जे काम, तेच कॅमेऱ्यापुढे! फरक फक्त मजुरीचा होता. आठवड्याला सात डॉलरवर मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलरवर तिची भूमिका करणे मी पत्करीन, असे तिचे एक वाक्य सांगितले जाते. या वाक्यात लाचारी नाही. बाजाराचा रोखठोक हिशेब आहे.

१९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’ मधील मॅमी या दासीच्या भूमिकेने तिला कीर्ती दिली. हा चित्रपट गुलामगिरीच्या जगाला सोनेरी मुलामा देतो, हे निर्विवाद. अटलांटा येथे त्याचा पहिला खेळ थाटामाटात झाला. वर्णभेदाचे कायदे असलेल्या त्या गावात काळ्या कलावंतांना त्या समारंभात स्थान नव्हते. २९ फेब्रुवारी १९४० रोजी तिला साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. समारंभ अँबॅसेडर हॉटेलात होता आणि तिथे काळ्यांना मज्जाव होता. निर्मात्याने खास शब्द टाकला म्हणून तिला आत घेतले; पण बसवले ते सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर. गावजेवणात वेगळी पंगत पाहिलेल्या आपल्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

तिच्यावर टीका झाली ती तिच्याच माणसांकडून. काळ्यांची हक्कसंघटना एनएएसीपी आणि तिचा नेता वॉल्टर व्हाइट यांनी १९४२ मध्ये हॉलिवुडच्या मालकांकडे मागणी केली की, काळी माणसे केवळ नोकर आणि विदूषक म्हणून दाखवणे थांबवा. मागणी न्याय्य होती. पडद्यावरचा हसरा, स्वामिनिष्ठ नोकर पाहूनच गोऱ्या प्रेक्षकाची सदसद्विवेकबुद्धी निवांत झोपत असे. पण हॅटी आणि तिचे सहकारी विचारीत होते की, ही बोलणी करताना आम्हाला कोणी विचारले? या भूमिका गेल्या तर दुसऱ्या कोण देणार? हा प्रश्नही खोटा नव्हता.

आपल्याकडे हाच पेच तमाशाने उभा केला. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून देऊ केलेली मदत डॉ. आंबेडकरांनी नाकारल्याची आठवण सांगितली जाते. आपल्या बायकांना नाचवून मिळणारा पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका समाजाच्या स्वाभिमानाची होती. तरीही पवळा हिवरगावकरीण किंवा विठाबाई नारायणगावकर यांच्या कलेचा आणि कष्टाचा हिशेब त्या एका नकाराने पुरा होत नाही.

हॅटीचा हिशेबही पडद्याबाहेर मांडावा लागतो. लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स हाइट्स भागात तिने घर घेतले. तिथल्या मालमत्तांच्या करारांत काळ्यांना घर न विकण्याची अट होती. काही गोरे शेजारी न्यायालयात गेले. हॅटीने इतर काळ्या रहिवाशांना एकत्र केले. लॉरेन मिलर या कृष्णवर्णीय वकिलाने त्यांची बाजू मांडली. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीशाने घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन निकाल त्यांच्या बाजूने दिला. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत असे ठरवले, त्या लढ्यातही मिलर होता. पडद्यावर मालकिणीचे घर सांभाळणारी ही बाई स्वतःच्या घरासाठी अशी ठाम उभी राहिली.

१९४७ पासून तिने रेडिओवरची ‘ब्यूला’ ही भूमिका केली. ब्यूलाही मोलकरीणच, आणि आधी तिचा आवाज गोरे पुरुष काढीत! काळ्या बाईचा आवाजसुद्धा तिच्याकडे राहिला नव्हता. हॅटीने काम स्वीकारताना अडाणीपणाची मोडकी बोली बोलणार नाही, अशी अट घातली. भूमिका बदलता आली नाही, तेव्हा तिने भूमिकेची भाषा बदलली.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी कर्करोगाने तिचे निधन झाले. हॉलिवुडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावे ही तिची इच्छा होती. तिथे काळ्यांना जागा नव्हती. तिला रोझडेल दफनभूमीत पुरले. स्मशानाची वाटणी जातीच्या देशातच होते असे नाही. १९९९ साली हॉलिवुडच्या त्या दफनभूमीत तिचे स्मारक उभारले गेले. तिने हॉवर्ड विद्यापीठाला दिलेले ऑस्कर तिथून नाहीसे झाले होते. २०२३ मध्ये अकादमीने त्याच्या जागी दुसरे दिले. पुढच्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला, हूपी गोल्डबर्गला, ऑस्कर मिळायला १९९१ साल उजाडावे लागले.

या एकावन्न वर्षांचा जाब हॅटीला विचारता येणार नाही. तो विचारायचा भूमिका वाटणाऱ्यांना. चळवळीने मॅमीची प्रतिमा नाकारली ते योग्यच केले. ती भूमिका करणाऱ्या बाईला मात्र आपल्या इतिहासात जागा दिली पाहिजे. आपल्या फडांवरच्या, नाटकमंडळ्यांतल्या, जलशांतल्या किती बायकांची साधी नोंदही आपण ठेवली आहे? हे काम विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या गावापासून सुरू करावे. पुरस्कार देणारे ते करणार नाहीत.