कुंडल रोडच्या माळावरचे मासिक

लोखंडी नांगराने जमीन नासते, असा पक्का समज असलेल्या शेतकऱ्याला नांगर विकायचा कसा? लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढे बेळगावपासूनच हा प्रश्न होता. 1910 मध्ये त्यांनी आपला नांगरांचा कारखाना तिथून कुंडल रोड स्टेशनाजवळ आणला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेली ती जागा म्हणजे निवडुंगाचा, सापांचा उजाड माळ. आज तीच सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

नुसता माल चांगला असून भागणार नव्हते. तो समजावून सांगणारे कोणीतरी हवे होते. ते काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी अंगावर घेतले. 1920 मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. हेतू साधा होता: नांगर, चरक आणि वाडीतल्या घडामोडींची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणे.

पण हाताशी छापखाना होता आणि संपादक मुळात चित्रकार. शंकररावांनी अंकाला चित्रांची जोड दिली, स्वतः व्यंगचित्रे काढली. चित्र आणि मजकूर एकाच पानावर मांडायची सोय झाली, तशी लिहिणाऱ्यांची भीडही चेपली. कारखान्याच्या बातम्या मागे पडत गेल्या. कथा, प्रवास, आरोग्य, समाजसुधारणा पुढे आल्या. नावातली ‘खबर’ही पुढे गळली. सावरकरांचे रूढींवर घाव घालणारे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकातून घरोघरी गेले. 1930 मध्ये ‘स्त्री’ निघाले आणि 1934 मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’. पुण्या-मुंबईपासून दूर, एका कारखान्याच्या वसाहतीतून तीन मासिके! आमच्या मते ‘स्त्री’ हे त्यातले सर्वांत मोठे काम. घराबाहेर ज्यांचा शब्द फारसा पोचत नव्हता, त्या बायकांना तिथे हक्काचे पान मिळाले.

जाहिरातीसाठी आणलेल्या साधनातून साहित्य उभे राहिले, ते साधन लोकांच्या हाती पडले म्हणून. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’ या सामुदायिक रेडिओनेही 2008 पासून साधन असेच लोकांच्या हाती दिले. शेतीच्या माहितीसोबत गावातल्या बायकांच्या ओव्या आणि गाणी आता मायक्रोफोनसमोर म्हटली जातात. जात्यापाशी विरून जाणारा आवाज तालुकाभर ऐकू येतो.

छापलेले मात्र आपोआप टिकत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरले आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. आजीच्या ट्रंकेत किंवा माळ्यावर ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’चे जुने अंक असतील, तर ते रद्दीत घालू नका. प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे. पुढचा पावसाळा येण्याआधी त्यांची पाने टिपून ठेवा.